ओट्याची खालची पायरी

सुलतानपूर,
रविवार, ता. ९ फेब्रुवारी १९४१

चिरंजीव इंद्रभान यास अंबूबाईचे अनेक आशीर्वाद. इकडील सर्व मंडळी सुखरूप असून तुझे पत्र पावून मजकूर कळला. विशेष लिहिणे की,

विशेष लिहिणे काय, माहं कपाळ! चौथीतल्या मास्तरनं शिकवलं तसं दोन ओळी लिहिल्या, आता पुरे. राग आला की मले शाळेतलं मराठी सुचत नाही. बोलते तशीच लिहिते. नागपुरात कोणापुढं लाज वाटत असन तर एकटा बसून वाच.

तुहं पत्र गुरुवारी भेटलं. बाबाच्या खाटेजवळ बसून वाचलं अन् वाचता वाचता माही कानशिलं तापली. मी तुले कार्डावर काय लिहिलं होतं? लिहिलं होतं की तुह्या शहाणपणानं बाबाचं वाटोळं केलं, तू नालायक आहे, परत तोंड दाखवू नको. सख्ख्या बहिणीनं असं लिहिल्यावर माणूस काय करते? संतापते. उलटे चार शब्द सुनावते. ते जमलं नाही तर रडते. अन् तू काय लिहिलं? "प्रिय अंबूबाई, तुझे म्हणणे अगदी योग्य आहे. तुझ्या जागी मी असतो तर मलाही असाच राग आला असता. तू बाबांची सेवा करतेस याचे मला फार कौतुक वाटते." बाप्पा बाप्पा! मी तुले नालायक म्हणते अन् तू माहं कौतुक करते! ते पत्र चुलीत घालाले उठली होती मी. बाबानं खुणेनं इचारलं, काय लिहिलं पोरानं? म्हटलं, खुशाल आहे.

हे सगळं तुह्या त्या वर्गातलंच आहे ना? सीताबर्डीवरचा तो कोण गृहस्थ, जो दर रविवारी तुम्हा विम्याच्या एजंटाईले माणसाशी बोलाले शिकवते. संक्रांतीले आला तेव्हा वही दाखवली होती तू मले. माणसा-माणसातल्या वागणुकीचं शास्त्र, म्हणे. आकडे घालून नियम लिहिले होते. समोरचा जसा बसला तसंच बसावं. तो काही बोलाच्या आत त्याले होकार द्यावा. त्याच्या आवडीची गोष्ट काढावी. त्याले राग येऊच देऊ नये, कारण राग हा संभाषणाचा रोग आहे. मी तेव्हा हसली होती. आपला भाऊ शिकला-सवरला म्हणून छाती फुगली होती माही. आता ती वही हाती लागली तर पाट्यावर वाटून टाकीन.

कार्डावर जागा नव्हती म्हणून तेव्हा नीट लिहिता आलं नाही. आता सगळं लिहिते. तुले अजून समजलंच नाही की तू काय केलं.

दिवाळीत बाबावरून वारं गेलं, उजवं अंग पडलं. जीभ जड झाली, पण अक्कल शाबूत आहे. तेव्हापासून मी डोणगावचं घर सोडून इथं आहे. माह्या घरच्याईनं एका शब्दानं अडवलं नाही, त्याईचे उपकार. अन् तेव्हापासून बाबाचं एकच मागणं आहे. औषध नाही, वैद्य नाही. "उत्तमनं येकडाव माह्याशी बोलावं." सख्खा धाकटा भाऊ, मधात एक मातीची भिंत, अन् चौदा वर्षं झाली बोलचाल बंद. काका तिकडं खोकलला की बाबा इकडं मान वळवते.

बोलचाल तुटली तर ती जोडाची आपल्या गावची रीत तुले ठाऊक होती. लहानपणी दहादा पाह्यली तू. ज्याची चूक त्यानं दुसऱ्याच्या ओट्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसाचं. मान खाली घालाची. मग ओट्यावरचा माणूस जे बोलीन ते ऐकाचं. मायबाप काढले तरी ऐकाचं, सारं गाव जमलं तरी ऐकाचं. मधात हूं का चूं कराचं नाही. बोलून बोलून त्याचा घसा कोरडा पडला की तो स्वतःच घरात हाक मारते, पाणी आणा. आधी तो पेते, मग तोच तांब्या खाली पायरीवरच्याले देते. झालं. दुसऱ्या दिवशी दोघं एका बैलबंडीवर बसून बाजारले जाते.

बाबाले चालवत नव्हतं. म्हणून तुले बोलावलं. बापाच्या जागी लेक पायरीवर बसला तरी चालते. तुले फक्त गप बसाचं होतं, इंद्रभान. जगातलं सगळ्यात सोपं काम होतं ते.

मी आपल्या दारातून पाहत होती. तू इस्तरीचा सदरा घालून गेला, चपला काढल्या, अन् थेट वर चढला! काका मांडी घालून बसला होता, तूही त्याच्या मांडीले मांडी लावून बसला. काकाचा चेहरा मले दिसला. चौदा वर्षं तो माणूस त्या पायरीकडं पाहत होता, अन् तू ती ओलांडून गेला.

तरी त्यानं सुरुवात केली. "आज आठवण आली काय रे नारायणच्या पोरा?" तू हसला. म्हणे, "काका, तुमचा राग अगदी योग्य आहे." त्यानं आवाज चढवला, "योग्य? तुले काय माहीत बे, काय योग्य अन् काय अयोग्य?" तू म्हणाला, "खरं आहे काका, मला काय माहीत? तुमचाच अनुभव मोठा. तुमच्या बैलजोडीचं नाव मी मेहकरात ऐकलं." त्यानं तीनदा तोंड उघडलं अन् तीनदा तू त्यात साखर कोंबली. शेवटी तो उठला अन् भाकरी कराले येते त्या गीताबाईले म्हणाला, "पाव्हण्याले चहा कर."

तू चहा पिऊन, हसत, हात चोळत घरी आला. बाबानं जड जिभेनं इचारलं, "शिव्या देल्ल्या काय त्यानं?"

तू म्हणाला, "एकही नाही बाबा! काम फत्ते."

"पाणी देल्लं?"

"पाणी कशाला? चहा दिला, कपबशीतून."

बाबानं डाव्या हातानं वाकळ ओढून तोंडावर घेतली. तुले वाटलं, म्हाताऱ्याले झोप आली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं तू निघून गेला. त्या दिवसापासून बाबा जेवत नव्हता. दोन चमचे कढी, तीही माह्या डोळ्यातलं पाणी पाहून. म्हणे, "त्यानं मले पाव्हण्यात काढलं, अंबे. आता तो येत नाही." दोन आठवडे मी हे पाह्यलं. म्हणून ते कार्ड लिहिलं होतं.

इथवर लिहिलं की मी थांबते. कालपासून हे पत्र तीनदा सुरू केलं अन् तीनदा इथंच सोडलं. कारण इथवर सगळी चूक तुही आहे, अन् मले तेच बरं वाटते.

लिहिते आता. भांडण काऊन झालं ते तुले काय सांगतलं आम्ही? माह्या लग्नात बाबा काकूले हळदीचं बोलावणं द्याले विसरला. तेवढ्यावरून काका रुसला. साऱ्या गावाले हेच माहीत आहे.

बाबा विसरला नव्हता.

चूल वेगळी झाली की भिंतीले भिंत असली तरी बोलावणं द्यावंच लागते. घरच्या पोरीनं ताट घेऊन जाचं, उंबऱ्यावर घरधनिणीले कुंकू लावाचं, हातात अक्षता द्याच्या अन् म्हणाचं, हळदीले या. त्याबिगर सख्खी काकूही येत नाही, येऊ शकत नाही. आपली माय तर तू दीड वर्षाचा असतानाच गेली. घरात दुसरी पोरगी नाही. म्हणून बाबानं सकाळीच ताट माह्या हाती देल्लं, "आधी तुह्या झुंबरकाकूले सांगून ये, मग बाकीचं गाव."

अन् मी गेली नाही. आदल्या दिवशी पापड लाटता लाटता काकू सगळ्या बायाईत म्हणाली होती, "अंबीचं तोंड लय चालते. सासरचे आठ दिवसांत परत आणून घालतीन." बाया खदखदा हसल्या. काकूनं लाडानंच म्हटलं असन. मी पंधरा वर्षांची होती, मले ते झोंबलं. मी ताट घेऊन कडब्याच्या गंजीमागं गेली, अक्षता कोंबड्याईले टाकल्या, थोडा वेळ उभी राह्यली अन् परत येऊन बाबाले म्हटलं, सांगून आली. वाटलं, येईनच ती. घरचीच तर आहे. नाही आली तर थोडं खट्टू होऊ दे तिले, मले केलं तसं. बस, एवढंच. याच्यापुढं काही होईन असं माह्या डोक्यातही नव्हतं रे.

दुसऱ्या दिवशी काका मांडवाच्या दारात उभा राहून बोलला, "नारायण, तुहा मांडव तुले मुबारक," अन् न जेवता फिरून गेला.

पाठवणीच्या वेळी, बैलाच्या दमणीत बसताना, मी बाबाच्या कानात रडत रडत सगळं सांगतलं. बाबाचा चेहरा पांढरा पडला. पण म्हणाला काय, तर "चूप. हे तोंडातून काढू नको. नवऱ्याच्या घरी जाऊन राह्यली तू. माह्यावर येऊ दे." अन् चवथ्या दिवशी तो थोरला भाऊ असून धाकट्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसला. म्हणाला, मी विसरलो. काकानं एवढंच म्हटलं, "गाईचं कोणतं वासरू कोणत्या सालचं हे तू विसरत नाही. माही बायको विसरला? खरं सांग." बाबानं मान अजून खाली घातली. काका आत गेला. खोट्यावर शिव्या द्याले त्याची जीभ उचलली नाही, अन् शिव्या नाही म्हणून पाणी नाही.

म्हणजे पाह्य, तू संक्रांतीले नीट पायरीवर बसला असता, तरी काही होणार नव्हतं. खरं माह्यापाशी होतं. मले हे माहीत होतं, अन् तरी मी तुले पुढं केलं. तुले कार्डावर नालायक लिहिताना मी क्षणभरही थांबली नाही, याची मले आता जास्त लाज वाटते.

परवा शुक्रवारी, तुहं ते गोड पत्र वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी भाजी चिरता चिरता उठली. म्हटलं, माह्या भावाले राग येत नाही, बापाले गिळवत नाही, अन् मी इथं वांगे चिरून राह्यली! तशीच गेली. काका ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसला होता. मी खालच्या पायरीवर बसली. खाली पाहून म्हटलं, "काका, बाबा विसरला नव्हता. ताट मीच आणलं नाही. मुद्दाम आणलं नाही."

दोराचा आवाज थांबला. मले वाटलं, उठून आत जाते. मग तो सुरू झाला. इंद्रभान, मी आयुष्यात तसं ऐकलं नाही. भवाने म्हणाला, कैदाशिणी म्हणाला, तुह्या जिभेले किडे काऊन नाही पडले म्हणाला. दळण घेऊन जाणाऱ्या बाया थांबल्या. शाळेचा मास्तर थांबला. ते मले काही वाटलं नाही. पण मग त्याचा आवाज बारीक झाला. "सकाळपासून जांभळं लुगडं नेसून बसली होती ती. वाजा सुरू झाला तरी म्हणे, येईन अंबी, पोरगी आहे, उशीर झाला असन. दिवे लागले तरी लुगडं बदललं नाही तिनं. अन् दोन सालाआधी मरताना मले म्हणाली, माहं काय चुकलं ते येकडाव मोठ्या घरी इचारून या. तिचं काय चुकलं! तिचं!"

मी मान वर केली नाही. गीताबाई आपल्या मनानं तांब्या घेऊन आली. काका ओरडला, "ने ते आत! इले पाणी नाही!" अन् पायात चपलाही न घालता ओटा उतरून बाबाच्या घरात शिरला.

मी मागं धावली. त्यानं बाबाच्या तोंडावरची वाकळ ओढून काढली. "मले काऊन नाही सांगतलं बे? चौदा वर्षं! चोरासारखा गप बसला!"

अन् बाबा, ज्याच्या तोंडातून महिनाभर धड शब्द निघत नव्हता, तो डाव्या कोपरावर उठून बोलला, "लेकीचं नाव तुह्यापुढं फोडू काय? तिले नांदाचं होतं!"

"अन् माही बायको कुढून मेली ते?"

"मले काय दिसत नव्हतं? भिंतीपाशी उभा होतो मी, तिले नेलं तेव्हा!"

"मंग खांदा द्याले काऊन नाही आला?"

"तू दार उघडलं काय, गाढवा?"

दोन म्हातारे असे भांडले की खाटेचे पाय करकरले. काका उभ्यानं, बाबा अर्ध्या अंगानं. तोंडाले फेस आला दोघांच्या. मी दाराशी उभी राहून रडत होती अन् मनात म्हणत होती, भांडा, अजून भांडा. शेवटी काकाच खाटेवर बसला, धापा टाकत, अन् म्हणाला, "अंबे, पाणी आण." मी आणलं. तो पेला. मग बाबाची मान हातावर घेऊन त्याले पाजलं, अर्धं बाबाच्या छातीवर सांडलं. बाबानं त्या दिवशी भाकर मागितली. काल दीड खाल्ली. काका सकाळ-संध्याकाळ येते, अन् दोघं अजून थोडं थोडं भांडून घेते.

बाबाचं झालं. पण त्याच वेळी मी तांब्याले हात लावाले गेली तर काकानं तो उचलून दुसऱ्या बाजूले ठेवला. म्हणाला, "तुले नाही. नारायणचा गुन्हा माह्याकडं होता, तो मी फेडून घेतला. तुहा गुन्हा झुंबरकडं आहे. अन् तिचं लेकरू कोण होतं? मले पोट्टं झालं नाही. तिनं ज्याले वाढवलं त्याले इचार."

तुले, इंद्रभान.

हे मी सगळ्यात शेवटी लिहून राह्यली, कारण हेच लिहाले भीत होती. माय गेल्यावर तुले काकूनं मांडीवर वाढवलं. तू तिलेच माय म्हणत होता. तू आठ वर्षांचा होता जेव्हा काकानं दार लावलं. मी सासरी होती, मले गावच्या बायाईनं सांगतलं. पाच दिवस तू त्या दारावर थापा मारल्या. आत काकू रडत होती अन् काका तिले उठू देत नव्हता. सहाव्या दिवशी तू थापा मारणं सोडलं. मी पहिल्या दिवाळीले माहेरी आली तेव्हा तू मोठ्या शहाण्यासारखा माह्या बाजूले येऊन बसला अन् हसला. कशाले नाही म्हणाला नाही. तुहा लाडू मी शेजारच्या पोराले देल्ला तरी म्हणाला, बरोबर आहे. साऱ्याईनं म्हटलं, काय गुणाचं पोरगं आहे! मीही म्हटलं.

तुले ती विद्या सीताबर्डीवर नाही भेटली रे. तिथं फक्त आकडे घालून देल्ले. समोरच्याले राग येऊ नये म्हणून आधीच मान डोलावणं, हे तू इथं शिकला, बंद दारापुढं, आठव्या वर्षी. माह्यामुळं. काकू मेली तेव्हा तुले कोणी तार केली नाही. तू आठ दिवसांनी आला अन् इचारलंही नाही की काऊन नाही कळवलं. तेव्हाच मले कळाले पाहिजे होतं की या पोराच्या आत काहीतरी मेलं आहे.

आता तुले खरं माहीत आहे. तुही माय तुह्यापासून मी तोडली, एका टोमण्यापायी, कोंबड्याईले अक्षता टाकून. याच्यावर तू मले "तुझे म्हणणे योग्य आहे" असं लिहिलं, तर मी समजीन की माहा भाऊ नाही, नुसती एक वही नागपूरले नोकरी करते.

होळीच्या आत ये. काकाले मी इचारलं, तो ओटा देते. तू वर बस, मी खालच्या पायरीवर बसते. गाव जमू दे. तुले जे आठवते ते सगळं बोल. शिव्या येत नसतीन तर रड, दगड उचलला तरी चालीन, मी हलणार नाही. सगळं संपल्यावर पाणी द्याचं की नाही ते तू ठरव. नाही देल्लं तर मी गुपचूप उठून डोणगावले जाईन, कोणाजवळ गाऱ्हाणं करणार नाही.

पण हसत देल्लं तर मी पेणार नाही.

तुह्या काकूची गुन्हेगार,
अंबू